वारा कुठून जातोय?

सोलापूरच्या वैद्यकीय इतिहासावर बोला म्हटलं की आपण सगळे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. १९१० साली या गावात जन्मलेला माणूस १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला जातो आणि १९४२ साली तिथंच देह ठेवतो, ही गोष्ट कितीदा सांगितली तरी जुनी होत नाही. पण आज मी माणसाचा नाही, एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. वस्तू साधी आहे. शहाळ्याएवढी रबराची किंवा सिलिकॉनची पिशवी, पुढच्या टोकाला झडप, मागच्या टोकाला ऑक्सिजनची नळी जोडायची सोय. दवाखान्यात तिला अँबू बॅग म्हणतात. श्वास थांबलेल्या माणसाला हातानं श्वास द्यायची ही पिशवी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल. काहींनी, वेळ आली म्हणून, स्वतःच्या हातानं दाबलीही असेल.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाचा यात काय संबंध? खरं आहे. मी बी. ए. झालेला माणूस, डॉक्टरकीतलं मला कळत नाही. पण या पिशवीशी माझं नातं दोन बाजूंनी जुळलेलं आहे. एक वडिलांच्या धंद्याकडून आणि दुसरं १९९७ सालच्या एका रात्रीकडून.

माझे अब्बा कल्हईवाले होते. सायकलच्या कॅरिअरला भाता, कोळशाची थैली, कथील, नवसागराची पुडी आणि चिमटे बांधून ते सोलापूरच्या पेठांतून फिरायचे. एखाद्या वाड्यासमोर जागा बघून जमिनीत वीतभर खड्डा करायचा, त्यात नळीचं टोक पुरायचं, वर कोळसे रचायचे आणि शेजारी भाता मांडायचा. मग आयाबाया पातेली, पराती, घंगाळं घेऊन यायच्या. भांडं तापलं की नवसागराचा पांढरा धूर निघायचा, कथील फिरायचं आणि काळंकुट्ट पितळ आतून चांदीसारखं व्हायचं. आम्हा पोरांचं काम एकच, भाता मारणं.

हा भाता लोहाराच्या भात्यासारखा लाकडी फळ्यांचा नव्हता. बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, एका टोकाला लोखंडी नळी, दुसरं टोक उघडं. त्या उघड्या तोंडाला दोन लाकडी पट्ट्या. पिशवी वर उचलताना बोटं फाकवून तोंड उघडायचं, म्हणजे वारा आत शिरतो. खाली दाबताना बोटं मिटून तोंड बंद करायचं, म्हणजे तो वारा नळीतून कोळशावर जातो. अब्बांच्या भात्याला झडप नव्हती. झडपेचं काम आमची बोटं करायची. बोटं मिटायला जरा उशीर झाला की वारा उलटा आपल्याच तोंडावर यायचा आणि विस्तव मलूल व्हायचा.

विस्तव फुलेना झाला की पोरं काय करतात? जोरजोरात दाबतात. अब्बा हात धरायचे. म्हणायचे, "हवा किधर जा री, पैले वो देख." त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी विस्तवाकडं बघायचे, भात्याकडं नाही. मग पुरलेली नळी. मग कातड्याच्या शिवणीजवळ गाल नेऊन वारा लागतो का ते पाहायचे आणि शेवटी आमची बोटं. भाता हाताला कडक लागला तर नळीत राख अडकली आहे, आणि भाता फारच मऊ लागला तर वारा दुसरीकडूनच पळतो आहे, एवढं त्यांनी मला आठव्या-नवव्या वर्षीच शिकवलं होतं. पुढं स्टेनलेस स्टील घरोघर आलं आणि कल्हई गेली. अब्बांनी गोदामावर रात्रीची राखण धरली. शिकवलेलं मात्र माझ्या हातात राहून गेलं होतं.

आता ती रात्र. १९९७ सालचा पावसाळा. मोहोळ तालुक्यात माझ्या खालाचं घर आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, ओसरीवर जमिनीवरच गोधडी टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. रात्रीचं जेवण बाधलं असेल असं सगळ्यांना वाटलं. तासाभरात त्याच्या पापण्या जड झाल्या, बोलणं लडबडायला लागलं, घोट गिळता येईना. अंगावर चावल्याची खूण म्हणावी अशी दिसत नव्हती. मण्यारीचा दंश असाच असतो. रात्री, झोपेत, आणि मुंगी चावल्याइतकाही त्रास न देता. नागासारखी सूज नाही, घोणसासारखं रक्त नाही. विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडं जाणारा निरोपच तोडून टाकतं. आधी पापण्या, मग घसा आणि शेवटी छाती.

जीप करून त्याला सोलापुरात एका दवाखान्यात आणलं तेव्हा श्वास नावापुरता उरला होता. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घातली, सर्पविषावरची लस सुरू केली. व्हेंटिलेटर होते ते दुसऱ्या रुग्णांना लागलेले. सिस्टरनं नळीला अँबू बॅग जोडली, दोन मिनिटं स्वतः दाबून दाखवली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "असं दाबायचं. छाती वर आली की सोडायचं. पूर्ण खाली बसू द्यायची. पाच सेकंदांनी परत." एवढं सांगून ती दुसऱ्या खाटेकडं गेली. अख्ख्या वॉर्डात ती एकटीच होती.

घाबरलेला माणूस ही पिशवी फार भराभर दाबतो. मोठ्या माणसाला मिनिटाला दहा-बारा श्वास पुरतात. मी मनात मात्रा मोजायचो. आठ मात्रांची ओळ तीनदा म्हटली की एक श्वास. कवितेचा मला आयुष्यात इतका रोख उपयोग दुसऱ्यांदा झालेला नाही. मी, मामू, गावचा एक शेजारी आणि मेहुणा असे चौघं आळीपाळीनं बसत होतो. अर्ध्या तासात बोटांना पेटके यायचे.

दुसऱ्या रात्री पिशवी बदलली. आधीची कफानं भरली होती म्हणून ती नेली आणि धुऊन ठेवलेली दुसरी लावली. पाळी माझी होती. दाबायला लागलो आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. किती हलकी चालतेय! दुखणाऱ्या बोटांना जणू सुट्टी मिळाली. तीन-चारदा दाबलं असेल. मग मनगटाला गार वारा लागला. पिशवीच्या मागच्या बाजूनं.

ती झुळूक मला लहानपणापासून ओळखीची होती. मी छातीकडं पाहिलं. हलत नव्हती. मी ओरडलो, "वारा मागून जातोय!" काय बोलतोय ते कुणाला कळलं नसेल, पण ओरडण्याचा सूर कळला. एक तरुण निवासी डॉक्टर धावत आला. त्यानं पिशवीकडं पाहिलंच नाही. आधी छाती पाहिली, पिशवी नळीपासून उपसून बाजूला फेकली आणि त्या नळीला स्वतःचं तोंड लावून फुंकर घातली. छाती वर आली. पुन्हा फुंकर, पुन्हा छाती वर. सिस्टर दुसरी पिशवी घेऊन येईपर्यंत तो फुंकत होता. सगळं मिळून मिनिटभर झालं असेल. नंतर त्यानं फेकलेली पिशवी उघडून मला दाखवली. मागच्या टोकाला रबराची एक पातळ चकती असते. पिशवी फुगताना ती उघडून वारा आत घेते आणि दाबताना मिटते. धुताना काढलेली ती चकती परत बसवायची राहून गेली होती.

सकाळी अब्बा आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी सिस्टरला विनंती करून तशी एक चकती बघायला मागितली, दोन बोटांत धरून उजेडाकडं फिरवली आणि म्हणाले, "ये तो उंगल्यां का काम करती." सिस्टरला काही कळलं नाही. मला कळलं.

त्याच दुपारी उलटा प्रकार झाला. मामूच्या हातात पिशवी एकाएकी कडक लागायला लागली. आता मी अब्बांच्या रीतीनं विचार केला. विस्तव म्हणजे छाती, तिकडं बघ. जेमतेम हलतेय. म्हणजे वारा पळत नाही, अडलाय. नळीत राख आहे. सिस्टरला हाक मारून तेवढंच सांगितलं. तिनं आधी नळी घशात सरकली तर नाही ना, वाकली तर नाही ना ते पाहिलं, मग नळीत बारीक नळी घालून यंत्रानं चिकट कफ ओढून काढला. पिशवी पुन्हा नेहमीसारखी झाली. नंतर त्या निवासी डॉक्टरनं सांगितलं की कडक पिशवीला आणखीही कारणं असतात. नळी खोल सरकून एकाच फुफ्फुसात गेलेली असते, शुद्धीवर असलेला रुग्ण ती दातांनी चावतो, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा कोंडते. म्हणून कडक पिशवी कधीही जोर लावून दाबायची नाही.

जोर लावून दाबायची नाही, हे शहाणपण माणसाला फार महागात मिळालेलं आहे. ती चकती माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून पुढं काही वर्षं मी या पिशवीचा मागोवा घेत राहिलो. आधी वाचनालयातल्या पुस्तकांतून, नंतर मुलीनं काढून दिलेल्या कागदांतून. आणि पहिलाच शोध असा लागला की पिशवीचा पूर्वज भाताच आहे. अठराव्या शतकात युरोपात बुडालेल्या माणसांना वाचवण्यासाठी मंडळं निघाली. १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये, १७७४ साली लंडनमध्ये. घरात शेगडी फुलवायला जो भाता असतो तोच नाकातोंडाला लावून बुडालेल्याच्या छातीत हवा भरायची, अशी त्यांची एक रीत होती. पन्नासेक वर्षं ती चालली. मग १८२० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये लरॉय नावाच्या वैद्यानं प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की भाता जोरात दाबला तर फुफ्फुसं फुटतात आणि प्राणी मरतो. त्यानंतर लंडनच्या मंडळानंही भाते बाजूला ठेवले. मला यात एक गोष्ट खटकते. दोष जोराचा होता आणि शिक्षा भात्याला झाली. हलक्या हातानं दाबा, असं म्हणून काम भागलं असतं का, कोण जाणे. पण आज लहान मुलांच्या अँबू बॅगेवर एक छोटी झडप असते. दाब साधारण ४० सेंटिमीटर पाण्याएवढा झाला की ती उघडून जादा हवा बाहेर सोडते. लरॉयच्या प्रयोगांना मिळालेलं उत्तर ते हेच. अनोळखी माणूस मात्र तिची शिट्टी ऐकून पिशवी फाटली असं समजतो.

भाता गेला आणि विचाराची दिशाच उलटली. आत हवा दाबण्याऐवजी बाहेरून छाती ओढायची. १९२८ साली अमेरिकेत बॉस्टनला फिलिप ड्रिंकर यांचं लोखंडी फुफ्फुस वापरात आलं. मान बाहेर आणि बाकीचं सगळं शरीर एका लोखंडी पिंपात. पोलिओनं छातीचे स्नायू गेलेली मुलं त्यात महिनोन्महिने पडून राहायची. यंत्र मोठं आणि महाग, त्यामुळं जिथं ते पोचलं नाही तिथं मुलं मरत होती.

१९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन शहरात, पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात लोखंडी फुफ्फुस होतं एक आणि छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास आणि घसा गेलेले ३१ रुग्ण यंत्रांवर ठेवले. त्यांतले २७ तीन दिवसांच्या आत गेले. रुग्णालयाचे प्रमुख होते लासेन. त्यांनी बियॉन इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्या काळी भूलतज्ज्ञानं शस्त्रक्रियेची खोली सोडून वॉर्डात यायचं म्हणजे नवलच. इब्सेन म्हणाले, भूल देताना आम्ही रोज हातानं पिशवी दाबून श्वास देतो, तेच इथं करू.

२७ ऑगस्टला त्यांनी ते विव्ही एबर्ट या बारा वर्षांच्या मुलीवर करून दाखवलं. हा प्रसंग नीट सांगायला हवा, कारण तो जवळजवळ फसलाच होता. मुलीचा जीव स्वतःच्याच लाळेत आणि कफात घुसमटत होता. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली, पिशवी जोडली आणि इब्सेन दाबायला लागले, तर पिशवी दाबेना. कडक! मुलीच्या श्वासनलिका आवळल्या होत्या, ती धडपडत होती. पाहायला जमलेले डॉक्टर हळूहळू निघून जायला लागले. इब्सेननी तेव्हा जोर लावला नाही. अडथळा नळीत नाही, रुग्णाच्या छातीतच आहे हे त्यांनी ओळखलं आणि पेंटोथाल हे भुलीचं औषध दिलं. मुलगी सैल पडली, छाती सैल झाली, पिशवी दाबली गेली आणि तिचा रंग पालटला. अब्बा असते तर म्हणाले असते, विस्तवाकडं बघितलं म्हणून कळलं.

पुढचं तर सगळ्या जगानं लक्षात ठेवावं असं आहे. एकाच वेळी सत्तर रुग्णांपर्यंत मजल गेली. इतके हात आणायचे कुठून? वैद्यकीय विद्यार्थी बोलावले. काही महिन्यांत सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, पिशव्या दाबल्या. मुलांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्या डोळ्यांकडं बघून हवा कमी पडतेय की जास्त ते शिकत. आधी दहांतले जवळजवळ नऊ रुग्ण जात होते. तो मृत्यूदर उतरत निम्म्याच्याही खाली आला. विव्ही १९७१ पर्यंत जगली. अतिदक्षता विभाग म्हणून आज आपण ज्याला ओळखतो त्याचं मूळ याच वॉर्डात आहे.

मी हे वाचलं तेव्हा आमची ती खाट आठवली. त्यांच्याकडंही यंत्रं कमी होती, आमच्याकडंही. त्यांनीही हात लावले, आम्हीही. फरक एवढाच की त्या विद्यार्थ्यांना कुणीतरी शिकवलं होतं आणि भूलतज्ज्ञ फेरी मारून त्यांच्यावर नजर ठेवत होते. आम्हाला फक्त 'दाबा' म्हणून सांगितलं होतं. दाबणं सोपं असतं. पिशवी हातात काय सांगतेय ते कळणं अवघड. नातेवाइकाच्या हाती ही पिशवी देण्याची पाळी कुठल्याच दवाखान्यावर येऊ नये, हे माझं पहिलं मत. आलीच, तर मऊ लागली तर काय आणि कडक लागली तर काय, एवढी दोन वाक्यं सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही, हे दुसरं. आणि धुतलेली पिशवी रुग्णाला लावण्याआधी पुढचं तोंड तळहातानं बंद करून एकदा दाबून पाहावी. वारा मागून निसटला तर तिथंच कळतं. त्या निवासी डॉक्टरनं ही युक्ती मला त्या रात्रीनंतर दाखवली.

कोपनहेगनच्या त्या पिशवीत मात्र एक मोठी उणीव होती. ती आपली आपण फुगत नसे. सिलिंडरमधून हवा येत राहिली तरच ती भरायची. सिलिंडर संपला की पिशवी म्हणजे रिकामं कातडं. आणि साथीनंतर लवकरच डेन्मार्कमध्ये ट्रकचालकांचा संप झाला. रुग्णालयांत ऑक्सिजन पोचेना. हेनिंग रुबेन हे भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हे अभियंते या दोघांनी तेव्हा सिलिंडरवाचून चालणारी पिशवी करायला घेतली. सोडली की आपोआप फुगली पाहिजे, म्हणून पहिल्या नमुन्यात त्यांनी आत सायकलच्या चाकाचे स्पोक बसवले होते. सायकलच्या कॅरिअरवर ज्याचं बालपण गेलं त्याला हे वाचून काय वाटलं असेल! १९५६ साली ही पिशवी बाजारात आली. तीच अँबू बॅग. रुबेननी तिला पुढच्या बाजूची झडपही दिली. ताजी हवा रुग्णाकडं जाते आणि त्यानं सोडलेली हवा पिशवीत न परतता बाहेर पडते.

इथं या वस्तूच्या इतिहासातली खरी गंमत आहे. प्रत्येक दुरुस्तीनं एक नवं दुखणं आणलं. झडप आली, मग कफानं किंवा उलटीनं झडप चिकटायला लागली आणि आत गेलेली हवा बाहेर येईना. म्हणून झडपेचं घर पारदर्शक करावं लागलं, म्हणजे चकती हलते की नाही ते डोळ्यांना दिसतं. धुता यावी म्हणून पिशवी सुटी होणारी केली, मग जोडताना चुका व्हायला लागल्या. आमची चूक त्यातलीच. आपोआप फुगणारी पिशवी ऑक्सिजनबरोबर खोलीतली साधी हवाही ओढून घेते आणि ऑक्सिजन पातळ होतो, म्हणून मागं आणखी एक साठवणीची पिशवी जोडली. तिलाही पुन्हा दोन झडपा, एक जादा वायू सोडायला आणि एक वायू कमी पडला तर बाहेरची हवा घ्यायला.

सगळ्यात फसवं दुखणं संपाच्या त्या उत्तरातूनच आलं. जुनी पिशवी सिलिंडर संपल्यावर कोमेजायची, म्हणजे सिलिंडर संपला हे लगेच कळायचं. नवी पिशवी सिलिंडर असो वा नसो, तशीच टणाटण फुगते. तिसऱ्या दिवशी आमचा सिलिंडर केव्हा संपला ते आम्हा चौघांपैकी एकालाही कळलं नाही. पिशवी चालू होती, छाती हलत होती. सिस्टर फेरीला आली आणि तिनं काट्याकडं बोट दाखवलं. आमचं नशीब असं की मण्यारीच्या विषानं फुफ्फुसं बिघडत नाहीत, फक्त ती हलवणारे स्नायू थांबतात, त्यामुळं साध्या हवेवरही निभावलं. न्यूमोनियाचा रुग्ण असता तर निभावलं नसतं.

आणि त्या निवासी डॉक्टरच्या फुंकरीचं काय? आपण सोडलेला श्वास टाकाऊ असतो असं शाळेत शिकलो होतो. पण त्यातही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो आणि तेवढा माणसाला जगवायला पुरतो, हे अमेरिकेत जेम्स एलम आणि पीटर साफार या भूलतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात सिद्ध केलं. त्या तरुणाला ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं बिघडलेली पिशवी दुरुस्त करत बसण्यात एक सेकंदही घालवला नाही.

आपल्या महाराष्ट्रात या पिशवीचा मोठा हिशेब सर्पदंशाच्या खात्यात मांडावा लागेल. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतावरची. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर, नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्यांनी तालुक्याच्या गावात राहून विंचू आणि सापाच्या विषाशी झुंज दिली. मुंबईच्या हाफकिनमध्ये बनणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. पण मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांशी पोचलं की लसही ते लगेच परतवू शकत नाही. टोकं सावरायला दिवस लागतात. तोवर वाडीपासून तालुक्यापर्यंत, तालुक्यापासून शहरापर्यंत कुणीतरी पिशवी दाबत राहावं लागतं. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या आणि रस्त्यावरचे ते तास थोडे सुसह्य झाले.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या भीतीनं व्हेंटिलेटर कुठून आणायचे हा प्रश्न देशापुढं उभा राहिला, तेव्हा महिंद्रच्या कांदिवली आणि इगतपुरीच्या कारखान्यांतल्या लोकांनी दोन दिवसांत एक यंत्र उभं केलं. काय होतं ते? अँबू बॅग दाबणारा यांत्रिक हात! देशोदेशी तेव्हा असे हात बनवले गेले. दाबणं यंत्राला चटकन जमतं. कडक आणि मऊ ओळखायला मात्र दाब मोजणारं साधन लागतं, घंटा लागते, आणि घंटा वाजल्यावर छातीकडं बघणारं माणूस लागतंच.

माझ्या मावसभावाच्या पापण्या चौथ्या दिवशी किंचित हलल्या. पाचव्या दिवशी नळी निघाली. घसा बसला होता, दोन दिवस बोलता येत नव्हतं. मग एका संध्याकाळी त्यानं जे सांगितलं ते ऐकून आम्ही चौघंही गप्प झालो. त्याला सगळं ऐकू येत होतं. मण्यारीच्या विषानं मेंदूला काही होत नाही, पापणीसुद्धा उचलता येत नाही एवढंच. वॉर्डातली बोलणी, खालाचं रडणं, मामूचं 'हा काय आता उठत नाही' हे वाक्य, सगळं. (मामूनं त्यानंतर आठवडाभर त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नाही.) माझ्या पाळीला मी मात्रा पुटपुटत होतो, तेही त्यानं ऐकलं होतं. मला वाटत होतं मी मनात मोजतोय. "तू मोजताना चुकायचास," तो म्हणाला. "मला कळायचं, आता वारा उशिरा येणार."

त्या दुसऱ्या रात्रीचं मी त्याला विचारलं नाही, त्यानंच काढलं. पिशवी दाबल्याचा आवाज येतोय आणि वारा येत नाही, हे त्याला माझ्या आधी कळलं होतं. ओरडायचं होतं, बोटसुद्धा हलत नव्हतं. मग मी ओरडलो.

"तू ओरडलास तेव्हा मला वाटलं, आपण पेठेत खालूंच्या भट्टीपाशी आहोत," तो म्हणाला. माझे अब्बा म्हणजे त्याचे खालू. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्याकडं यायचा, तेव्हा भात्यावर माझ्यानंतर त्याचीच पाळी असायची.